क्रुसाच्या चौथऱ्यावरची लाल खूण

ऑफिसात सुमेधाला सगळे हसत. हसोत बापडे. कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की पाईपची लांबी मिळते, हे काय तिला ठाऊक नव्हतं? तरीही ही बाई नकाशाची छापील शीट टेबलावर अंथरायची, चार कोपऱ्यांवर स्टेपलर, जेवणाचा डबा, मोबाईल आणि पाण्याची बाटली ठेवायची आणि डिप्लोमाला असताना घेतलेल्या त्रिकोणी स्केलने एकेक पाईप मोजत बसायची. स्क्रीनवर चूक लपून राहते, कागदावर ती समोर येते, असं तिचं म्हणणं. सदानंद सर, म्हणजे ऑफिसचे मालक, तिच्या टेबलाजवळून जाताना विचारायचे, "झालं का शिवणकाम?" तीही मान वर न करता सांगायची, "टाके मोजतेय सर."

काम साधं होतं. साधं म्हणजे कंटाळवाणं. एका चेंबरपासून दुसऱ्या चेंबरपर्यंत पाईप किती मीटर, या टोकाला त्याचा तळ किती खोल, त्या टोकाला किती, आणि त्यातून उतार किती निघतो. सांडपाण्याच्या पाईपात पाणी ढकलायला कोणी बसलेलं नसतं, ते आपल्या वजनाने उताराकडे जातं. दोनशे मीटरला एक मीटर उतार असला की घाण वाहत राहते. उतार कमी पडला तर साचते, आणि उलटा पडला तर मागे फिरून कुणाच्या तरी दारात उभी राहते. हे सगळं तपासून झालं की शीटच्या खालच्या कोपऱ्यात, 'तपासले' या शब्दापुढे, सुमेधाची सही पडायची.

त्या शुक्रवारी तिच्यासमोर सांडोरच्या लाईनीच्या दोन शीट होत्या, तीन नंबरची आणि चार नंबरची. सांडोर तिचं माहेर. लग्न होऊन चंदनसारला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहायला गेली त्याला अकरा वर्षं झाली, पण जीव अजून सांडोरच्या केळीतच. आणि ही लाईन जात होती थेट तिच्या वडिलांच्या, नरहरींच्या, फाटकासमोरून. फाटकाच्या आत दहा पावलांवर त्यांचं बावखल. बाहेरच्यांना ते साधं तळं वाटतं, पण पावसाचं पाणी त्यातच मुरतं आणि त्याच पाण्यावर आजूबाजूच्या बागा वर्षभर जगतात. नरहरींच्या बावखलावर पाच घरांच्या केळी आणि भाजी होती.

म्हणूनच लाईन येणार म्हटल्यावर गल्लीत कुरबूर झाली होती. घाणीचं पाणी बावखलाला खेटून न्यायचं म्हणजे काय? समोरच्या घरातली क्लेमेंटीनबाय तर संमतीच्या कागदाला हात लावायला तयार नव्हती. तेव्हा नरहरींनी सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, "नकाशे माझी सुमी स्वतः तपासते. ती असताना एक थेंब बाहेर येणार नाही." झालं, सगळ्यांनी सह्या केल्या. पोरीच्या जिवावर बापाने शब्द दिला आणि पोरीला तो फोनवर सांगितलाही, मोठ्या कौतुकाने. ती हसली होती तेव्हा.

लाईन दोन्ही टोकांकडून टाकत आणली होती. वरच्या बाजूने बारा नंबरचं चेंबर झालं होतं, ते बरोबर नरहरींच्या फाटकासमोर. खालच्या बाजूने तेरा नंबरपर्यंत काम आलं होतं. मधला एकच पाईपचा तुकडा राहिला होता, तो सोमवारी टाकायचा आणि लगेच वर काँक्रीट. कंत्राटदाराच्या माणसाने त्या तुकड्याची नेमकी लांबी विचारली होती, म्हणून सुमेधाने दोन्ही शीट काढल्या. बारा नंबर एका शीटच्या काठावर, तेरा दुसरीच्या. तिने काठाला काठ लावून चिकटपट्टी मारली आणि स्केल ठेवलं. सहा सेंटिमीटर, म्हणजे जमिनीवर तीस मीटर. दोन्ही टोकांच्या तळात फरक पंधरा सेंटिमीटरचा. दोनशेला एक, सगळं कसं छान.

मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली. तिथे जमिनीची पातळी लिहिलेली असते, मीटरमध्ये. बारापाशी ३.४२. तेरापाशी ३.१९. तीस मीटरांत गल्ली तेवीस सेंटिमीटर खाली उतरलेली. तेवीस सेंटिमीटर म्हणजे नऊ इंच.

सुमेधाने स्केल खाली ठेवलं. फरक दिसला म्हणून नव्हे. हा फरक ती दुसऱ्यांदा पाहत होती म्हणून.

डिसेंबरात या शीट तपासायला आल्या तेव्हाही तिच्या लक्षात आलं होतं, की अरे, ही तर आमची गल्ली, ही ताटासारखी सपाट आहे. पावसाळ्यात फाटकासमोर पाणी तुंबतं ते चार-चार दिवस हलत नाही, शाळेत जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या. तिने पातळी मोजणाऱ्या परेशला विचारलं होतं. परेश जूचंद्रचा, वयाने लहान पण कामाला चोख. तो म्हणाला होता, "मशीन खोटं बोलत नाही ना मॅडम." शीट चार वाजता जायच्या होत्या. सर घड्याळ बघत होते. आणि ती स्वतःशीच म्हणाली होती की डबक्याच्या आठवणीवर काय भांडायचं, लोक आणखी हसतील. सही ठोकून मोकळी झाली.

आता मात्र तिने कागदाच्या मागे हिशेब मांडला. कंत्राटदाराची माणसं पाईप टाकताना कुठलं मशीन लावत नाहीत. नकाशातली खोली बघतात आणि रस्त्यापासून खाली पट्टी सोडतात. गल्ली खरोखर सपाट असेल, तर तेरापासून पुढची सगळी लाईन नऊ इंच वर बसलेली असणार. म्हणजे बारा ते तेरा पाईप पंधरा सेंटिमीटर उतरायच्या ऐवजी आठ सेंटिमीटर चढणार. तीस मीटरांत आठ सेंटिमीटरचा चढ डोळ्यांना दिसत नाही. पाण्याला बरोबर दिसतो. वरच्या बारा चेंबरांची घाण येऊन अडणार नरहरींच्या फाटकाशी, आणि झाकणातून वर आली की दहा पावलांवर बावखल.

ती शीट घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली.

सदानंद सरांनी सगळं ऐकून घेतलं. "कागदावर उतार बरोबर आहे?"

"कागदावर आहे सर. जमिनीवर नाही."

"हे तू कशावरून म्हणतेस?"

"आमच्या फाटकासमोर पावसाळ्यात पाणी तुंबतं. कुठेच जात नाही."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता, पण कामात गळ्यापर्यंत बुडालेला होता. "सुमेधा, डबक्यावरून मी काम थांबवू? सोमवारी काँक्रीट आहे. सही तुझी आहे. चूक असेल तर मोजून आण, मग बघू."

एवढी तरी परवानगी मिळाली. तिने परेशला फोन लावला. परेशच्या नाकाला मिरच्या झोंबल्याच. "मॅडम, मी क्रुसाच्या खुणेपासून सुरुवात केली आणि परत तिथेच येऊन पातळी जुळवली. एका मिलिमीटरचाही फरक नव्हता." पण शनिवारी सकाळी साडेआठला तो तिपाई आणि मशीन बाईकला बांधून गल्लीच्या तोंडाशी हजर होता.

ही क्रुसाची खूण म्हणजे काय, ते सांगायला हवं. गल्लीच्या वळणावर जुना क्रूस आहे, चौथऱ्यावर उभा. मे महिन्यात संध्याकाळी तिथे प्रार्थना होते, आणि क्लेमेंटीनबाय तिथल्या फुलांची जातीने काळजी घेते. गेल्या वर्षी जानेवारीत परेशने त्या चौथऱ्याच्या कोपऱ्यावर लाल रंगाने त्रिकोण काढला होता आणि शेजारी आकडा लिहिला होता, ४.३१. ही पक्की खूण. आसपासची प्रत्येक पातळी या आकड्यापासून मोजायची. एक ते बारा चेंबर त्याने तेव्हाच मोजले. मग काम रखडलं, आणि तेरापासूनचे नोव्हेंबरात मोजले, त्याच खुणेवरून.

परेशने मशीन लावलं. सुमेधाने पट्टी आधी खुणेवर धरली आणि मग तेरा नंबरपाशी. आकडा आला ३.१९. परेशच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "बघा. तोच."

"बारापाशी घे," सुमेधा म्हणाली.

ती फाटकासमोर पट्टी धरून उभी राहिली. परेशने मशीनला डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. मग तो चालत तिच्याजवळ आला, तिथून ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. "इथेही ३.१९ येतंय. जानेवारीत ३.४२ होतं. रस्ता नऊ इंच खचला का मॅडम?"

रस्ता खचला नव्हता. रस्ता खचतो तेव्हा कुंपण, गटार, फाटक सगळं त्याच्याबरोबर तिरकं होतं, इथे तर फाटकाची कडी आवाजसुद्धा न करता लागत होती. दोघंही क्रुसाकडे बघायला लागले. खूण जागच्या जागी होती. तोच त्रिकोण, तोच आकडा, तोच कोपरा. चौथऱ्याला तीन पायऱ्या. सुमेधाने लहानपणी त्या पायऱ्यांवर बसून चिंचा खाल्ल्या होत्या, तेव्हाही तीनच होत्या.

"शाळेच्या पायरीवर आपली दुसरी खूण आहे," परेश म्हणाला. "तिथून आणू पातळी."

अर्धा किलोमीटर मशीन उचलत, ठेवत, पट्टी धरत दोघं आले. ऊन चढलं, परेशचा शर्ट पाठीला चिकटला. पुन्हा क्रुसापाशी पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. चौथऱ्यावरची खूण ४.३१ वर नव्हतीच. ती होती ४.५४ वर. परेश वहीतला आकडा परत परत वाचत राहिला.

तेवढ्यात नरहरी चहा घेऊन आले. सत्तरीला टेकलेला माणूस, पण हातातल्या ट्रेमधला कप हलत नव्हता. पोरगी कामासाठी आपल्याच गल्लीत आली याचा त्यांना कोण आनंद झाला होता, सकाळपासून तीनदा फाटकात येऊन बघून गेले होते.

"खूण सापडली ना नीट?" त्यांनी परेशला विचारलं. "मी जपून ठेवली म्हणून आहे ती. नाहीतर गेलीच होती."

"कुठे गेली होती?" परेशने विचारलं.

"अरे, रस्त्यावर डांबर चढवून चढवून क्रुसाची एक पायरी पार गाडली गेली होती. दोनच उरल्या होत्या. म्हणून गेल्या वर्षी एप्रिलात, प्रार्थना सुरू व्हायच्या आधी, आम्ही चौथरा उचलून घेतला. पैसे घराघरातून, हात माझा आणि थॉमसचा." थॉमस म्हणजे क्लेमेंटीनबायचा मुलगा. "विटांचे तीन थर आणि वर प्लास्टर. थॉमस म्हणाला, लाल खूण जाते विटांखाली, जाऊ दे. म्हटलं, जाऊ दे काय? आमच्या सुमीच्या हापिसाची खूण आहे. आधी तिचा कागदावर छाप घेतला, दोरी लावून कोपऱ्यापासून अंतर धरलं, आणि प्लास्टर सुकल्यावर बरोब्बर त्याच जागी काढली. आकड्यासकट. रंग तसाच मिळावा म्हणून दोन दुकानं फिरलो."

आता बोला. खूण विटांबरोबर नऊ इंच वर गेली, आकडा मात्र जुनाच राहिला, म्हणून नोव्हेंबरात मोजलेलं सगळं नऊ इंच खाली आलं. सहा जणांना मिळून जी चूक करता आली नसती, ती एका माणसाने प्रेमापोटी केली, आणि तीही इतक्या सफाईने की मोजणाऱ्याचा डोळा फसला. परेशने तोंड उघडलं. सुमेधाने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याने चहाचा कप तोंडाला लावला.

"चांगला झालाय चौथरा, बाबा," ती म्हणाली.

ते कप घेऊन आत गेल्यावर तिने सरांना फोन केला. तेरापासून पुढची अर्धी लाईन उखडून नऊ इंच खोल टाकायची, गल्ली पावसाळाभर उघडी राहायची, हे त्यांना तिने सांगावं लागलं नाही. मग ते म्हणाले, "सोमवारचं काम थांबवतो. पण कारण लेखी लागेल, आणि आजच. सरळ लिही, गावातल्या माणसाने खूण हलवली. आपण मोकळे. नाव कळलं का?"

"नाव कशाला सर?"

"विचारणारच ते. नाव नसेल तर खापर परेशवर फुटेल. दोन वेळच्या मोजण्यांत दुसऱ्या खुणेशी ताळा घेतला नाही म्हणून. तूच ठरव."

सुमेधा चौथऱ्याच्या पायरीवर बसली. समोर खणलेली चर, तिच्या पलीकडे फाटक, फाटकाच्या आत केळीची पानं. नरहरींचं नाव लिहिलं की संध्याकाळपर्यंत गल्लीत कळणार. ज्याने सगळ्यांकडून सह्या घेतल्या त्यानेच घोळ केला, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणतील, आणि ते खाली मान घालून ऐकून घेतील. परेशचं लिहिलं तर पोराच्या नोकरीवर गदा. खरं म्हणजे तिला तिथून उठून चंदनसारला जावं, दार लावून घ्यावं असं वाटत होतं. तिला भीती वाटत होती आणि स्वतःची लाजही वाटत होती.

मोबाईलवर तिने लिहिलं: रस्त्याची उंची वाढल्यामुळे एप्रिलमध्ये क्रुसाचा चौथरा उंच करण्यात आला, त्याची माहिती आपल्या कार्यालयाने घेतली नाही. त्यामुळे दोन मोजण्यांत तेवीस सेंटिमीटरचा फरक पडला. डिसेंबरमध्ये शीट तपासताना हा फरक माझ्या लक्षात आला होता. गल्ली सपाट आहे हे मला माहीत होतं. तरीही मी सही केली.

शेवटची तीन वाक्यं तिने एकदा पुसली. मग परत लिहिली, पाठवली आणि मोबाईल पर्समध्ये टाकला.

पाच मिनिटांत सरांचा फोन आला. "हे असंच जाऊ द्यायचं? विचार कर. यापुढे तपासणीची सही तुझी राहणार नाही."

"कळतंय सर."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

परेश वही मिटून म्हणाला, "मॅडम, खुणेवरचा आकडा आजच बदलायला हवा. नाहीतर सोमवारी दुसरा कोणी येऊन पुन्हा हाच घोळ घालेल." तिने मान हलवली. पण रंग? रंग आत, नरहरींच्या मोरीशेजारच्या फळीवर. मागायला परेशच गेला, आणि डबा, ब्रश घेऊन नरहरी स्वतःच बाहेर आले. जुन्या बनियनवर सदरा चढवून आले होते, ऑफिसच्या कामाला बोलावल्यासारखे. गुडघे टेकून ते त्रिकोणापाशी बसले.

"किती लिहू?"

"चार पॉईंट पाच चार," परेश म्हणाला. त्याला जमिनीकडे बघून बोलावं लागलं.

नरहरींनी ब्रश रंगात बुडवला आणि हात मध्येच थांबला. जुना आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर होता, त्यांच्याच हाताने रंगवलेला. त्यांनी ओठ हलवून वजाबाकी केली. आयुष्यभर केळीच्या ओळी आणि पाटाचं पाणी मोजलेला माणूस, त्याला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. डाव्या हाताने त्यांनी चौथऱ्याची कड चाचपली, विटांचे थर मोजल्यासारखी.

"तेवीस," ते म्हणाले. "तीन थर."

नरहरींनी चरीकडे बघितलं, बारा नंबरच्या झाकणाकडे बघितलं. "मग घाण इथे वर आली असती. माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे नाही, बाबा." सुमेधा त्यांच्याजवळ खाली बसली. हे ती खरं तर आपल्यापाशीच ठेवणार होती. पण वडिलांचा तो चेहरा तिला बघवेना. "तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. चूक माझी आहे. मी डिसेंबरातच बघितलं होतं. कागदावर आपली गल्ली उतरती दाखवली होती. मला कळलं होतं, तरी मी सही केली."

नरहरी तिच्याकडे बघत राहिले. रंगाचा एक थेंब ब्रशवरून पायरीवर पडला, तो त्यांनी पुसला नाही.

"आपली गल्ली?"

"हो."

"तुला दिसलं होतं?"

"हो, बाबा."

त्यांनी आवाज चढवला नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. बोलले तेव्हा अगदी हळू बोलले. "तू रोज संध्याकाळी मला फोन करतेस, सुमे. जेवलात का विचारतेस, गोळी घेतली का विचारतेस. त्यात एवढंच विचारायचं होतंस की बाबा, क्रुसाचं काही हललंय का. मी सांगितलं असतं."

गेल्या डिसेंबरातलीही प्रत्येक संध्याकाळ तिला आठवत होती, आणि त्या प्रत्येक संध्याकाळी तिने गोळीचं विचारलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ते पाहूनही ब्रश तिच्या हातात दिला.

"तूच लिही," ते म्हणाले. "माझ्या हाताचं आता नको."

समोरच्या घरातून क्लेमेंटीनबाय बाहेर आली होती आणि मशीन का लावलंय ते विचारत होती. नरहरी उठून चरीच्या कडेला गेले. तिच्याशी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सुमेधाने ब्रशभर रंगाने जुना ४.३१ झाकला, वाळेपर्यंत थांबली नाही, आणि त्याच्या शेजारी एकेक आकडा नीट काढत ४.५४ लिहिलं. मग ती उठून वडिलांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि क्लेमेंटीनबायला काय झालं ते सुरुवातीपासून सांगायला लागली.